स्वयंभू संख्या आणि देवळालीचे कापरेकर मास्तर

पश्चिम रेल्वेची गाडी विरार मागें टाकून वैतरणेचा पूल ओलांडते, त्यानंतर मुंबईची गजबज ओसरूं लागते व खिडकींतून भातखाचरें आणि ताडांच्या रांगा दिसूं लागतात. पालघर येतें, उमरोळी येतें, मग बोईसर. बोईसरला कोणीं विज्ञानाचें नांव काढलें तर बोट पश्चिमेकडे, तारापूरच्या समुद्राकडे दाखविलें जातें. कारण अणुशक्तीपासून वीज निर्माण करणारें देशांतील पहिलें केंद्र १९६९ सालीं तेथें सुरू झालें. या किनाऱ्याचें विज्ञानाशीं नातें एवढेंच, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु तीच गाडी वाणगांव सोडून डहाणू रोडला थांबते, तेव्हां ती एका अशा गणितज्ञाच्या जन्मगांवीं थांबलेली असते, कीं ज्याचें एक अनुमान सिद्ध होण्यास २०२१ साल उजाडावें लागलें.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजीं डहाणूस झाला. डहाणू त्या काळीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ पासून. कापरेकर आठ वर्षांचे असतांनाच त्यांची आई वारली. वडील कारकुनी करीत व त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषाचें फलित खरें कीं खोटें हा वाद बाजूस ठेवला तरी कुंडल्या मांडणाऱ्याच्या घरांत बेरीज-वजाबाकी अष्टौप्रहर चालते, हें कोणीहि कबूल करील. मुलाला आंकड्यांची गोडी लागली तिचें मूळ तेथेंच असावें. ठाण्याच्या शाळेंतून ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत गेले. तेथें १९२७ सालीं गणितांतील स्वतंत्र कामाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें पारितोषिक मिळालें. १९२९ सालीं ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले आणि १९३० पासून नाशिकजवळील देवळाली येथें शाळामास्तर म्हणून राहिले, ते १९६२ सालीं निवृत्त होईपर्यंत. त्यापुढचें उच्च शिक्षण त्यांना लाभलें नाहीं. पेन्शन पुरेना म्हणून उतारवयांतहि ते शिकवण्या करीत.

बत्तीस वर्षें वर्गावर खडू झिजवून उरलेला वेळ या गृहस्थानें संख्यांच्या संगतींत घालविला. लिहिलेलें छापण्यास मोठीं नियतकालिकें क्वचितच राजी होत, म्हणून पुष्कळशा पुस्तिका त्यांनीं स्वतःच छापविल्या. देशांतील गणितज्ञांनीं प्रारंभीं त्यांच्याकडे फारशा गांभीर्यानें पाहिलें नाहीं. याचें कारण केवळ शाळामास्तराविषयींचा तुच्छभाव नव्हे. इंग्लंडचे थोर गणितज्ञ हार्डी यांनीं १९४० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मसमर्थनपर पुस्तकांत संख्यांच्या अंकांची उलथापालथ करून मिळणाऱ्या चमत्कृतींचीं उदाहरणें दिलीं तीं अशासाठीं, कीं असल्या गोष्टी कोड्यांच्या सदरांत शोभतात, गंभीर गणितांत त्यांना स्थान नाहीं. आक्षेपांत तथ्य आहे. माणसाच्या हाताला दहा बोटें आहेत म्हणून आपण दशमान पद्धतीनें लिहितों. अंकांचे गुणधर्म हे बहुधा लिहिण्याच्या पद्धतीचे गुणधर्म असतात, संख्येचे नव्हत. कापरेकरांनीं या आक्षेपाशीं वाद घातला नाहीं. त्यांनीं आंकडेमोड चालू ठेविली.

त्यांच्या कामांतील सर्वांत प्रसिद्ध गोष्ट पुष्कळ श्रोत्यांना ठाऊक असेल. चार अंकी कोणतीहि संख्या घ्यावी. चारहि अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडावेत, मग चढत्या क्रमानें मांडावेत, आणि मोठींतून लहान वजा करावी. येईल त्या उत्तरावर हीच कृति पुन्हां करावी. पालघर जिल्हा ज्या सालीं झाला तें साल, २०१४, घेऊन पाहूं. ४२१० मधून ०१२४ वजा केल्यास ४०८६ राहतात. ८६४० मधून ०४६८ गेले, ८१७२. ८७२१ मधून १२७८ गेले, ७४४३. पुढें ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि सातव्या खेपेस ७६४१ मधून १४६७ जाऊन ६१७४. आतां येथून सुटका नाहीं, कारण ६१७४ वर तीच कृति केली असतां पुन्हां ६१७४ च येतात. कोठूनहि निघा, सात खेपांच्या आंत याच मुक्कामीं पोंचाल. २०१४ ला पुऱ्या सात खेपा लागल्या, हा केवळ योगायोग. कापरेकरांनीं ही गोष्ट १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत मांडली, आणि ६१७४ ला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

चार अंकी संख्या हजारों आहेत. प्रत्येकीची परीक्षा कोणी घ्यावी? येथें एक युक्ति आहे, आणि पुढील सर्व कथेचें बीज तींत आहे. उतरत्या क्रमानें मांडलेल्या अंकांपैकीं पहिल्या व शेवटच्या अंकांतील अंतर घ्यावें आणि त्याची ९९९ पट करावी. मधल्या दोन अंकांतील अंतर घ्यावें व त्याची ९० पट करावी. दोहोंची बेरीज म्हणजेच वजाबाकीचें उत्तर. ७६४१ मध्यें हीं अंतरें सहा आणि दोन आहेत. ५९९४ अधिक १८० म्हणजे ६१७४. अर्थात् उत्तर मूळ संख्येवर अवलंबून नसून फक्त या दोन अंतरांवर अवलंबून असतें, आणि अशा अंतरांच्या जोड्या अवघ्या ५४ होतात. हजारों संख्यांचें काम चोपन्न ओळींत आटोपतें व एका संध्याकाळीं पाटीवर पुरें होतें. तीन अंकांना ४९५ हें असेंच विश्रामस्थान आहे. पांच अंकांना मात्र एकहि नाहीं. तेथें संख्या ५३९५५ आणि ५९९९४ यांच्यामध्यें झोंके घेत राहते, किंवा चार चार संख्यांच्या दोन फेऱ्यांपैकीं एकींत सांपडते.

कापरेकरांच्या कामाचा खरा कस मात्र ६१७४ मध्यें दिसत नाहीं. तो दिसतो त्यांच्या स्वयंभू संख्यांत, ज्यांना पाश्चात्त्य लेखक देवळाली संख्या या नांवानेंहि ओळखतात.

कल्पना अगदीं साधी आहे. एखादी संख्या घ्यावी व तिच्या अंकांची बेरीज तिच्यांतच मिळवावी. २१ चे अंक दोन आणि एक, बेरीज तीन. २१ अधिक तीन म्हणजे २४. तेव्हां २१ ही २४ ची जनक झाली. २४ पासून ३०, ३० पासून ३३, अशी वंशावळ अखंड चालते. परंतु कांहीं संख्या अशा आहेत कीं त्यांना जनकच नाहीं. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३ अशी ती मालिका आहे. कोणत्याहि संख्येच्या पोटीं न आलेल्या म्हणून त्या स्वयंभू. देवळालीहून १९६३ सालीं निघालेली एक पुस्तिका त्यांनीं या संख्यांनाच वाहिली. पुढें १९७४ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेंतील कोलंबियाच्या एका गणितज्ञानें याच संख्या स्वतंत्रपणें शोधल्या आणि त्यांना त्या देशाचें नांव मिळालें. पण तोंपर्यंत देवळालीची पुस्तिका अकरा वर्षांची झाली होती.

आतां एखादी संख्या स्वयंभू आहे हें ओळखावें कसें? सरळ मार्ग म्हणजे तिच्याहून लहान असलेल्या सर्व संख्या एकेक करून तपासणें. २०२२ बद्दल शंका असेल तर दोन हजारांहून अधिक बेरजा. कापरेकरांनीं दिलेली रीत अशी : संख्येच्या अंकांची बेरीज करीत जाऊन एकच अंक उरवावा. तो सम असेल तर त्याचें अर्ध घ्यावें; विषम असेल तर त्यांत नऊ मिळवून अर्ध घ्यावें. हें अर्ध मूळ संख्येंतून वजा करावें. मग प्रत्येक खेपेस आणखी नऊ वजा करीत जावें, आणि येणारी संख्या मूळ संख्येची जनक आहे काय एवढेंच पहावें. मूळ संख्येंत जितके अंक तितक्याच खेपा. त्यानंतर शोध संपला. २०२२ च्या अंकांची बेरीज सहा, अर्ध तीन. म्हणून २०१९, २०१०, २००१ आणि १९९२ या चारच उमेदवार. त्या जनक ठरण्यास त्यांच्या अंकांची बेरीज अनुक्रमें ३, १२, २१ आणि ३० हवी होती. ती आहे १२, ३, ३ आणि २१. एकहि जुळत नाहीं. २०२२ हें साल स्वयंभू होतें, आणि हें ठरविण्यास चार वजाबाक्या पुरल्या.

रीत खरी कां ठरते, हेंहि शाळेंत शिकविलेल्या एका नियमावरून समजतें. कोणत्याहि संख्येला नवांनीं भागलें असतां जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागलें असतां उरते. म्हणून जनक अधिक त्याच्या अंकांची बेरीज यांत ती बाकी दोनदां येते, आणि मूळ संख्येवरून मागें जातांना तिचें अर्ध करावें लागतें. चार अंकांची बेरीज ३६ हून अधिक होऊंच शकत नाहीं. तेव्हां नऊ-नऊच्या टप्प्यांनीं चारच जागा उरतात.

या ठिकाणीं किंचित् थांबणें अवश्य आहे. गणकयंत्रांच्या शास्त्राचा जो तात्त्विक भाग, त्याचा मध्यवर्ती प्रश्न यंत्र किती वेगानें चालतें हा नसून, प्रश्नाचा आकार वाढला म्हणजे पायऱ्या कोणत्या मानानें वाढतात, हा आहे. संख्येच्या बाबतींत आकार म्हणजे तिची किंमत नव्हे, तर तिचे अंक. दहा लक्षांपर्यंतच्या संख्येला सहा-सात अंक. जी रीत सहा-सात पायऱ्यांत भागवते ती चांगली, जी दहा लक्ष पायऱ्या मागते ती निकामी. हा भेद १९६५ च्या सुमारास अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं स्पष्ट शब्दांत मांडला व त्यावर एक नवें शास्त्र उभें राहिलें. २००२ सालीं कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें मणीन्द्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितिन सक्सेना यांनीं मूळ संख्या ओळखण्याची जी रीत शोधली आणि जिच्यामुळें त्यांची कीर्ति जगभर झाली, तिचें महत्त्व याच मापानें मोजलें जातें : तिच्या पायऱ्या संख्येच्या किंमतीच्या नव्हे, तर अंकांच्या मानानें वाढतात. कानपूरचा प्रश्न देवळालीच्या प्रश्नाहून कितीतरी खोल होता व त्यांची तुलना करणें योग्य नव्हे. पण माप एकच आहे. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत टिफ्रॅक हें गणकयंत्र १९६० सालीं चालू झालें. त्याच सुमारास देवळालीस यंत्राशिवाय एक शिक्षक पायऱ्या वांचवीत बसला होता.

स्वयंभू संख्यांना जनक नाहीं. उलट कांहीं संख्यांना एकाहून अधिक जनक असतात. १०१ हें पहिलें उदाहरण : १०० अधिक एक म्हणजे १०१, आणि ९१ अधिक दहा म्हणजेहि १०१. दोन मार्ग एकाच जागीं मिळतात म्हणून कापरेकरांनीं यांना जंक्शन हें नांव दिलें. नांवें रेल्वेंतून उचलण्याची त्यांना हौसच होती. मुंबईपासून तीस मैलांवरील डोंबिवली स्टेशनांत सुचलेल्या संख्यांना त्यांनीं त्या स्टेशनाच्या जुन्या नांवावरून डेम्लो संख्या म्हटलें होतें.

दोन जनकांची सर्वांत लहान संख्या १०१. मग तीन जनकांची सर्वांत लहान कोणती? उत्तर ऐकून मन थक्क होतें : १,००,००,००,००,००,००१. आपल्या जुन्या गणनेंत एकावर तेरा शून्यें म्हणजे शंकु. तेव्हां ही संख्या एक शंकु आणि एक. तिचे तीन जनक म्हणजे स्वतः शंकु, आणि त्याच्याहून ९९ व १०८ नीं कमी असलेल्या दोन संख्या. ज्यांच्या हाताशीं पेन्सिल असेल त्यांना पडताळा दोन मिनिटांत पाहतां येईल. शंभरापासून एकदम शंकूवर उडी! आणि चार जनकांची? कापरेकरांनीं सांगितलें : एकावर चोवीस शून्यें, अधिक १०२. लीलावतींतील संख्यानामें परार्धापाशीं, म्हणजे सतरा शून्यांपाशीं संपतात. ही संख्या त्याच्याहि कितीतरी पलीकडची. १९६६ सालीं ए. नरसिंग राव यांनीं पांच जनक असलेली एक संख्या दाखविली. तिच्यांत एकावर ११,११,११,११,११,१२४ शून्यें आहेत आणि वर १०२. दर सेकंदास एक अंक या वेगानें ती लिहूं लागल्यास सुमारें पस्तीस हजार वर्षें लागतील.

येथें कथेंतील खरी अडचण पुढें येते. एकावर चोवीस शून्यें अधिक १०२ या संख्येला चार जनक आहेत, हें पाहण्यास कापरेकरांच्याच रीतीनें पंचवीस वजाबाक्या पुरतात. परंतु तिच्याहून लहान अशी एकहि संख्या चार जनकांची नाहीं, हें कोणीं पाहिलें? सेकंदाला शंभर कोटी संख्या तपासणारें यंत्र जरी लावलें, तरी त्याला तीन कोटींहून अधिक वर्षें लागतील. पेन्सिल जेथें थकते तेथेंच यंत्रहि थकतें. कापरेकरांचें उत्तर हें अनुमान होतें. सिद्धता त्यांच्याजवळ नव्हती. हार्डींच्या पंथाचे लोक त्यांच्यावर जो दोष ठेवीत त्याची धार या जागीं जाणवते, आणि ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. ज्याला सिद्धता नाहीं तें गणितांत उधारीवरच असतें.

बाहेरच्या जगांत कापरेकरांचें नांव पोंचलें तें अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांच्यामुळें. सायंटिफिक अमेरिकन मासिकाच्या मार्च १९७५ च्या अंकांत त्यांनीं आपलें सदर कापरेकरांच्या कामावर लिहिलें. कापरेकर तेव्हां सत्तर वर्षांचे होते. त्यानंतर मोठ्या विद्यापीठांतील माणसांनींहि स्वयंभू संख्यांकडे लक्ष दिलें. १९८२ सालीं इटलीचे उंबेर्तो झान्निएर यांनीं सिद्ध केलें कीं कितीहि पुढें गेलें तरी स्वयंभू संख्यांचें एकंदर संख्यांशीं प्रमाण एका ठराविक आंकड्याकडेच झुकतें. तें शेंकडा सुमारें पावणेदहा आहे. १९८६ सालीं कापरेकर निवर्तले. जंक्शनाचा प्रश्न तसाच राहिला.

तो सुटला २०२१ च्या अखेरीस. मॅक्स अलेक्सेयेव, नील स्लोन प्रभृती गणितज्ञांनीं त्या डिसेंबरांत प्रसिद्ध केलेल्या निबंधाचें शीर्षकच कापरेकरांच्या जंक्शन संख्यांवर आहे. स्लोन म्हणजे संख्यामालिकांचा जगप्रसिद्ध कोश सिद्ध करणारे गृहस्थ. त्यांच्या युक्तीचा गाभा समजण्यास मोठें गणित लागत नाहीं. चोवीस शून्यांच्या त्या संख्येचे चार जनक पहा : दोन एकावर चोवीस शून्यांच्या वर आहेत, दोन खालीं. वरचे दोन मिळतात ते १०१ ला दोन जनक आहेत म्हणून. खालचे दोन मिळतात ते ११३ ला ९७ आणि १०६ असे दोन जनक आहेत म्हणून. म्हणजे राक्षसी संख्येचा प्रश्न दोन चिमुकल्या संख्यांच्या प्रश्नांत मोडला. शंकूचेंहि तसेंच : वर एक जनक, आणि खालीं ११५ चे दोन. कोणत्याहि मोठ्या संख्येचे जनक असे लहान संख्यांच्या जनकांवरून मोजतां येतात आणि त्या लहानांचे आणखी लहानांवरून. हा उतरता जिना एकदां नीट बांधला, कीं सर्वांत लहान संख्या कोणती हें एकेक न तपासतां ठरवितां येतें. त्यांनीं तो दशमानापुरताच बांधला नाहीं, तर कोणत्याहि आधारावर लिहिलेल्या संख्यांसाठीं बांधला. दहा बोटांचा जुना आक्षेप तेथें आपोआप गळून पडला. चोवीस शून्यें अधिक १०२ हें कापरेकरांचें अनुमान बरोबर ठरलें, आणि नरसिंग रावांची संख्याहि सर्वांत लहानच निघाली.

अनुमान सिद्ध झालें तेव्हां कापरेकरांना जाऊन पस्तीस वर्षें लोटलीं होतीं. स्वयंभू सालांपैकीं २०२२ होऊन गेलें. त्यापुढचें येतें २०३३. पडताळा पहावयाचा असल्यास २०२९, २०२०, २०११ आणि २००२ हे चार उमेदवार तपासावेत.